पावडरआप्पांची शंका

पावडरआप्पा 'तडा' हा शब्द सहजासहजी तोंडातून काढत नसत. कारखान्यातला एखादा शाफ्ट किंवा एखादी पिन तपासून झाली की ते चष्मा कपाळावर सरकवत, कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि म्हणत, "शंका शे." शंका आहे, एवढंच. मग तो भाग पुन्हा पुसायचा, पुन्हा तपासायचा, आणि त्यानंतर तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळीही तेच दिसलं, तर कुठे ते खडूनं त्या जागेभोवती गोल काढत. कामगार वैतागायचे. "आप्पा, हो का नाही ते एकदाचं सांगा ना!" आप्पा हसत आणि रॉकेलच्या चिंधीनं हात पुसत बसत.

तापीकाठच्या एका साखर कारखान्यात मी इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा आप्पांची साठी उलटलेली होती. ते कोरीट गावचे. घरची थोडी शेती, पण तरुणपणीच गुजरातेत एका वर्कशॉपात गेले आणि तिथल्या एका जुन्या उस्तादाकडून लोखंडातले लपलेले दोष शोधायची विद्या शिकले. गावी परतल्यावर दर वर्षी गाळप सुरू व्हायच्या आधी दीड-दोन महिने ते आमच्याकडे करारावर येत. खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत लोखंडाची काळी भुकटी, पांढऱ्या रंगाचे फवारे, चिंध्या, आणि दोन पायांचं एक विजेवरचं लोहचुंबक. त्याला ते 'घोडं' म्हणत. पावडरआप्पा हे नाव त्या भुकटीमुळे पडलेलं.

त्यांचं काम बघायला मला आवडायचं. भाग रॉकेलनं धुऊन त्यावर पांढरा रंग फवारायचा, घोड्याचे दोन पाय त्यावर टेकवून बटण दाबायचं, आणि वरून भुकटीचा फवारा मारायचा. धड लोखंडावर भुकटी ओघळून जाते. पण आत कुठे बारीक चीर असेल, अगदी डोळ्याला न दिसणारी, तर तिथे चुंबकाची ओढ बाहेर फुटते आणि भुकटी त्या रेषेला चिकटून बसते. पांढऱ्यावर काळी रेघ. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी नकळत मागे सरकले होते. आप्पा म्हणाले, "भ्यावू नको, माय. दिसनी ती बरी. न दिसनारी वाईट."

मला ते 'माय' म्हणत. चारचौघांत मात्र 'मॅडम'. मेकॅनिकल विभागात मी पहिलीच मुलगी, प्रकाशा गावच्या शेतकरी घरातली. मी शिडी कशी चढते, पाना कसा धरते, इकडे सगळ्यांचं लक्ष. आप्पांनी मला कधी तसं पाहिलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मी दखी ऱ्हायनू. तू कर." आणि बघत उभे राहिले. मी घाईनं फवारा मारला. त्यांनी तो भाग मुकाट्यानं पुसला आणि घोडं पुन्हा माझ्या हातात दिलं. असं चार वेळा. पाचव्यांदा म्हणाले, "आते जमनं."

त्यांची आणखी एक सवय होती. बाद ठरलेला भाग ते तसाच भंगाराकडे जाऊ देत नसत. गॅस कटरवाल्याला बोलवून, समोर उभे राहून त्याचे दोन तुकडे करून घेत. स्टोअरवाला कुरकुरायचा. आप्पा म्हणत, "अख्खा दिसना की कोनी बी उचली लई. त्याले काय माहीत आत काय शे?"

माझ्या दुसऱ्या वर्षी कारखान्यानं नवं यंत्र घेतलं. पेन्सिलीएवढा प्रोब, आणि हातात मावेल असा पडदा. प्रोबमधल्या वेटोळ्यातून वीज फिरते, त्यामुळे समोरच्या धातूतही विजेचे भोवरे उठतात. धातू एकसंध असेल तर पडद्यावरचा ठिपका शांत राहतो, चीर आली की भोवरे अडतात आणि ठिपका उसळतो. रंग खरवडायला नको, रॉकेल नको, भुकटी नको. मला पुण्याला पाच दिवसांचं शिक्षण मिळालं. परत आले तेव्हा मी जरा ताठ चालत असणार. आप्पांनी प्रोब हातात घेऊन उलटापालटा केला, एका जुन्या, तडकलेल्या पिनेवर फिरवून पाहिला. ठिपका उसळला. आप्पा लहान मुलासारखे हसले. "भारी शे! आपलं घोडं आते म्हातारं व्हयनं."

ते मनापासून बोलले होते. यंत्राचा त्यांना राग नव्हता. राग असता तर पुढचं मला थोडं सोपं गेलं असतं.

त्याच वर्षी बॉयलर अग्निप्रदीपनाचा दिवस ठरला. पाहुणे ठरले, मांडव पडला. आणि त्याच्या आदल्या दुपारी आप्पा मिलहाउसच्या क्रेनजवळ कमरेवर हात ठेवून उभे होते. या क्रेननं उसाच्या मिलचे रोलर उचलतात. कित्येक टनांचं धूड, आणि त्याखाली-आजूबाजूला माणसं. क्रेनच्या हुकाची मान वर एका मोठ्या नटात अडकवलेली असते. त्या मानेवर, नटाच्या अगदी खाली, आप्पांना नखाएवढी काळी रेघ दिसली होती. रेघ वर चढून नटाच्या आत नाहीशी होत होती.

"शंका शे," ते म्हणाले. "नट काढना पडी."

नट काढायचा म्हणजे हूक पूर्ण उतरवायचा. एक दिवस मोडणार. आणि एक रोलर अजून बसवायचा राहिलेला. आमचे चीफसाहेब आले, त्यांनी ती रेघ पाहिली. "आप्पा, हा ओरखडा असेल."

"असू शके, साहेब. म्हनीसनच शंका म्हनतो."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचं यंत्र लावा. नवीन तंत्र कशाला घेतलंय आपण?"

मी प्रोब लावला. मानेवर सगळीकडे ठिपका शांत होता. नटाजवळ गेले की उसळायचा. पण तो तिथे उसळणारच होता, कारण धातूची कड जवळ आली की विजेचे भोवरे तसेही बिघडतात. पुण्याला हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं. म्हणजे तिथे चीर आहे की नुसती कड, हे माझं यंत्र सांगू शकत नव्हतं. आणि नटाच्या आत तर प्रोब जातच नव्हता.

साहेब फोनवर बोलत बाजूला गेले तेव्हा आप्पांनी हळूच विचारलं, "तुन्ह्या मशीननी काय सांगं, माय?"

"नटाजवळ काही कळत नाही, आप्पा."

"मंग तसंच लिख."

तसंच लिहायचं होतं. चार शब्द होते. संध्याकाळी मी अहवाल लिहायला बसले. 'नटाजवळ काही कळत नाही' असं लिहिलं की उद्याचा कार्यक्रम माझ्यामुळे अडणार, आणि नट काढल्यावर काहीच निघालं नाही तर मुलीच्या हातात यंत्र दिल्याचं लोक वर्षभर बोलणार. साहेब टेबलापाशी उभे होते. मी लिहिलं, 'उपलब्ध भागात दोष आढळला नाही.' खोटं नव्हतं ते. एकही अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते आजपर्यंत पचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सनई वाजली, बॉयलर पेटला, रोलर बसला. हूक टिकला. तो सगळा हंगाम टिकला. दर वेळी क्रेन हलली की मी मिलहाउसच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहायची. कामगारांनी आप्पांचं नाव शंकासुर पाडलं. त्यांचं उरलंसुरलं काम संपेपर्यंत कँटीनमध्ये कोणी चहाचा पेला हातात देताना म्हणायचं, "आप्पा, पेल्याला शंका शे का बघा बरं!" सगळे हसायचे. आप्पाही हसायचे. मीही एकदा हसले. आप्पांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं आणि पेला तोंडाला लावला.

पुढच्या वर्षासाठी त्यांचा करार झाला नाही. यंत्र आलंय, मॅडम आहेत, आता गरज नाही, असं ऑफिसनं कळवलं. ते पिशवी घ्यायला आले तेव्हा मी गेटपर्यंत सोडायला गेले.  तिथे ते म्हणाले, "तो हुक खाले उतरी तव्हय दखी लेजो, माय." आणि शहाद्याच्या जीपमध्ये बसले.

पावसाळ्यात गाळप बंद असताना सगळी यंत्रं उघडतात. तेव्हा मी हूक उतरवला. बरोबर फक्त रामूभाऊ, आमचा नवापूरकडचा फिटर. त्यानं नट काढला. मी मान धुतली, पांढरी केली, कारखान्याचं चुंबक लावलं आणि भुकटी मारली. नटाच्या आत दडलेल्या आट्यांमध्ये रेघ उठली. निम्म्या मानेला वेढा घातलेली. मी पुसलं. पुन्हा केलं. पुन्हा तीच. तिसऱ्यांदा करायचं धैर्य झालं नाही.

रामूभाऊ म्हणाला, "आप्पांची शंका खरी निघाली, मॅडम."

मी म्हटलं, "हूक झिजलाय. नवीन बसवा." रजिस्टरमध्येही तेच लिहिलं, 'झीज झाल्याने बदलला.' रामूभाऊनं माझ्याकडे एकवार पाहिलं आणि पाना उचलून निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलू लागला.

प्रकाशाहून कोरीट काही लांब नाही. तरी मला तिथे जायला दोन महिने लागले.

आप्पांच्या अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि ते त्यांच्यापासून दूर, गोठ्याच्या सावलीत खाटेवर बसले होते. दमा वाढला होता, मिरचीचा ठसका सोसत नव्हता. माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाणी आणून दिलं. मी पेला हातात धरूनच बोलले, "आप्पा, तडा होता."

"कितला?"

"निम्म्या मानेभोवती."

 मला वाटलं, आता रागावतील, निदान उसासा तरी टाकतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "तो हुक कापी टाका ना?"

मी पेला खाली ठेवला. कापलेला नव्हता. झिजलाय असं लिहिल्यावर कापायला तरी कोणत्या तोंडानं सांगणार? तो तसाच, अख्खा, भंगाराच्या ढिगात गेला होता.

"कोनले दिना?" आप्पा उठून उभे राहिले होते.

मी तिथूनच स्टोअरला फोन लावला. भंगार अक्कलकुव्याच्या एका व्यापाऱ्यानं उचललं होतं. आप्पांनी आत जाऊन खाकी पिशवी आणली. माई म्हणाल्या, "आसा दम लागी ऱ्हायना आन कोठे जातस?" ते म्हणाले, "जाईसन येतस." माई माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली.

नंदुरबारहून तळोद्यामार्गे एसटीनं गेलो. खिडकीशी बसून आप्पांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी कारखान्यात कधीच सांगितली नव्हती. उस्तादाकडे असताना, नवेपणाच्या घाईत, त्यांनी एक चांगला शाफ्ट बाद केला होता. भुकटी एका साध्या ओरखड्यावर बसली होती, आणि त्यांनी 'तडा, तडा' म्हणून आरडाओरडा केला. शाफ्टचे तुकडे झाले. नंतर कापलेली कड तपासताना त्यांना कळलं की आत काहीच नव्हतं. "कोनलेच माहीत नव्हतं," आप्पा म्हणाले. "मीच जाईसन उस्तादले सांगं. त्यानी एक मुस्काटात मारी. आन दुसरा दिन माले बोलाईसन नवं काम दिनं."

ते मला टोचायला सांगत नव्हते. रस्ता लांब होता, आठवलं म्हणून सांगत होते. मी बाहेर बघत राहिले.

अक्कलकुव्याच्या व्यापाऱ्यानं फार वेळ लावला नाही. हूक दणकट होता, म्हणून महामार्गावरच्या एका गॅरेजवाल्यानं तो नेला होता. उलटलेले ट्रक उचलायची त्याची क्रेन होती. आम्ही रिक्षानं तिथे गेलो. क्रेन दारातच उभी होती. तिच्या टोकाला आमचा हूक, नवा नट लावलेला, आणि हुकाला साखळीनं टांगलेलं ट्रकचं इंजिन. इंजिनाखाली पत्र्यावर आडवा होऊन एक मेस्त्री बोल्ट काढत होता. त्याचे फक्त पाय दिसत होते.

मी ओरडणारच होते. आप्पांनी माझा हात घट्ट धरला. मग खोकत खोकत पुढे गेले आणि वाकून म्हणाले, "भाऊ, जरासा बाहेर ये ना. म्हातारा मानूस शे, दम लागना. पानी दे जरा."

पाय हलले. मेस्त्री सरपटत बाहेर आला, हात पुसत माठाकडे गेला. तो चार पावलं लांब गेल्यावर आप्पा शेजारच्या टायरवर बसले. 

गॅरेजवाल्याला आधी पटेना. "अहो काका, सकाळपासून टांगलंय. काही होत नाही. उद्या घाटात बारा चाकी उचलायचीय मला."

आप्पा म्हणाले, "इंजिन खाले ठेव. नट काढ. माले पंधरा मिंटं दे. काही नही निंघनं तं मी माफी मांगसू."

त्यानं बडबडत इंजिन उतरवलं. आप्पांनी घोडं काढलं, पण त्यांच्यानं ते धरवेना.  त्यांनी ते माझ्याकडे दिलं. मी केलं, ते बघत राहिले. पहिल्यांदा. पुसलं. दुसऱ्यांदा. पुसलं. तिसऱ्यांदा भुकटी बसली तेव्हा गॅरेजवाला, मेस्त्री, रिक्षावाला, सगळे वाकून पाहत होते. पांढऱ्या मानेवर काळी रेघ, आता निम्म्याहून पुढे गेलेली.

"तडा शे," आप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा इतका स्वच्छ ऐकला.

 गॅरेजवाल्यानं स्वतःच गॅस कटर ओढत आणला. मेस्त्री मात्र अजून इंजिनाखालचा पत्रा बघत होता, जिथे तो पडलेला होता.

परतीच्या एसटीत आप्पा थकले होते. तळोदा गेल्यावर डोळे न उघडताच म्हणाले, "माय, रजिस्टरमां तेवढं लिखी टाक. तडा व्हता म्हनीसन."

"हो आप्पा."

"मन्हासाठे नही. पुढे जो तपासाले ई, त्याले माहीत पाहिजे का नट काढना पडस."

"सोमवारी लिहिते," मी म्हणाले.

सोमवारी चीफसाहेब रजेवर होते. त्यांच्या मागे लिहिणं बरं दिसलं नसतं. मग ते आले, पण त्यांची निवृत्ती जवळ आली होती, जाताजाता त्यांना कशाला त्रास? मग माझी नोकरी कायम व्हायची फाईल वर गेली होती. मग गाळप सुरू झालं. प्रत्येक कारण त्या त्या वेळी खरंच वाटायचं. आप्पांचा मधे एकदा फोन आला. मला वाटलं, विचारतील. त्यांनी मिल कशी चालू आहे विचारलं, नवा हूक बघितला का विचारलं, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. रजिस्टरचं नाव काढलं नाही. मी लिहिलंच असेल, असं त्यांनी धरलं होतं. मीही त्यांचा तो समज मोडला नाही.

थंडीत त्यांचा दमा वाढला आणि ते गेले.

कोरीटला कारखान्यातून आठ-दहा जण गेलो. स्मशानातून परतताना रस्त्याच्या कडेला सगळे थांबले होते. टर्नर म्हणाला, "देवमाणूस. फक्त त्या शंकेपायी शेवटी काम गेलं त्याचं." दुसरा म्हणाला, "हो ना, त्या हुकाचं उगाच काढलं होतं. काही निघालं का त्यात?" कोणी कुचेष्टेनं बोलत नव्हतं. मायेनंच बोलत होते. रामूभाऊ माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. सांगायला त्याहून चांगली जागा आणि वेळ मला मिळणार नव्हती. मी चपलेतला खडा काढायला वाकले आणि गाडीत जाऊन बसले.

दशक्रियेनंतरच्या आठवड्यात मी नव्या चीफसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. अहवाल, नट, भंगार, अक्कलकुवा. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जुनी गोष्ट आहे, मॅडम. कोणाला काही झालं नाही. पण तुम्हाला लिहायचंच असेल तर लिहा." मला वाटलं होतं, ते मला नोटीस देतील. मला ती हवी होती.

मग मी क्लार्कच्या टेबलाशी गेले. जुनं रजिस्टर काढायला लावलं. 'झीज झाल्याने बदलला' ही ओळ सापडली. तिच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहायला त्याला मजकूर सांगितला, की हुकाच्या मानेवर नटाच्या आत तडा होता, तो तपासनीस आप्पांनी हंगामापूर्वीच दाखवला होता, आणि यंत्राला नटाजवळ कळत नसतानाही मी तसं लिहिलं नाही. क्लार्क नवा होता, त्यानं आप्पांना कधी पाहिलं नव्हतं. त्यानं सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं, पूर्ण नाव विचारून लिहिलं, आणि पेन थांबवून वर पाहिलं.

"तारीख कोणती टाकू, मॅडम? दोष सापडला ती?"

नव्या मजकुराशेजारी समासात तारखेपुरती बोटभर जागा रिकामी होती. ती जुनी तारीख टाकली असती तर नोंद तेव्हाचीच वाटली असती. मी तिच्याकडे पाहत राहिले.

"नाही," मी म्हणाले. "आजची टाका."